‘न्यायालयाचा मित्र’ : अमेरिकेच्या घटनात्मक न्यायव्यवहारातील एका प्रथेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

न्यायालयीन वाद हा मूलतः दोन पक्षांमधील वाद असतो. वादी आपले म्हणणे मांडतो, प्रतिवादी त्याला उत्तर देतो आणि न्यायाधीश त्या दोहोंच्या आधारे निर्णय देतात. जमिनीची हद्द, कर्जाची परतफेड किंवा वारसाहक्क अशा प्रश्नांत ही रचना पुरेशी ठरते. परंतु राज्यघटनेच्या अर्थाचा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे ही रचना अपुरी पडू लागते. न्यायालयासमोर पक्षकार दोनच असतात. निर्णय मात्र कोट्यवधी नागरिकांना लागू होतो. ज्यांच्या मताधिकाराचा, शाळेचा, घराचा किंवा स्वातंत्र्याचा निवाडा होत आहे त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक त्या खटल्यात कोठेच नसतात. मग त्यांचे म्हणणे न्यायालयापर्यंत पोहोचावे कसे, हा घटनात्मक न्यायव्यवहारातील एक मूलभूत प्रश्न होय.

या प्रश्नाला कायद्याच्या इतिहासाने दिलेले एक उत्तर म्हणजे ‘ॲमिकस क्युरी’ ही प्रथा होय. या लॅटिन संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘न्यायालयाचा मित्र’ असा होतो. जी व्यक्ती वा संस्था खटल्यात पक्षकार नाही, परंतु वादविषयासंबंधी न्यायालयाला उपयुक्त ठरेल असे काही सांगू शकते, तिने न्यायालयाच्या अनुमतीने वा नियमानुसार सादर केलेल्या लेखी निवेदनाला या प्रथेत स्थान मिळते. मराठी वृत्तपत्रांतून अलीकडे ‘न्यायमित्र’ हा शब्द रूढ झाला आहे. प्रस्तुत शोधनिबंधातही तोच वापरला आहे.

या प्रथेचा सर्वाधिक विस्तार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात झाला. म्हणून प्रस्तुत निबंधात तेथील इतिहास केंद्रस्थानी ठेवला असून, अखेरीस भारतातील प्रथेशी त्याची मर्यादित तुलना केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) न्यायमित्र या प्रथेचा उगम आणि अमेरिकेतील तिचा विकास यांचा मागोवा घेणे.
२) नागरी हक्कांच्या प्रमुख घटनात्मक खटल्यांत न्यायमित्रांच्या निवेदनांनी बजावलेली भूमिका तपासणे.
३) ही प्रथा दुर्बलांचा आवाज ठरली की प्रबळांचे साधन, या प्रश्नाचा विचार करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. न्यायनिर्णय, न्यायालयाचे नियम आणि या विषयावरील प्रकाशित संशोधन ही अभ्यासाची साधने आहेत. सर्व खटल्यांचा आढावा घेणे एका निबंधात शक्य नाही. म्हणून प्रथेच्या वाटचालीत वळण देणारे निवडक खटले विवेचनासाठी घेतले आहेत.

१. उगम : तटस्थ साहाय्यकाची भूमिका

इंग्लंडच्या न्यायालयांत सतराव्या शतकापर्यंत ही प्रथा चांगली रुजली होती. न्यायाधीशाच्या नजरेतून एखादा कायदा वा पूर्वनिर्णय निसटत असेल, तर न्यायालयात उपस्थित असलेला कोणताही जाणकार, बहुधा वकील, उठून तो निदर्शनास आणून देत असे. १६८६ मधील हॉर्टन विरुद्ध रुस्बी या प्रकरणाचा दाखला येथे देता येईल. १६७७ च्या फसवणूक प्रतिबंधक कायद्यातील एका तरतुदीच्या अर्थाविषयी प्रश्न निर्माण झाला, तेव्हा सर जॉर्ज ट्रेबी यांनी न्यायमित्र या नात्याने, तो कायदा संमत होताना आपण पार्लमेंटमध्ये उपस्थित होतो असे सांगून पार्लमेंटचा हेतू न्यायालयासमोर मांडला.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, या मित्राला खटल्याच्या निकालात स्वारस्य नसणे हे गृहीत होते. न्यायालयाच्या हातून चूक होऊ नये, एवढाच त्याचा हेतू असे. इंग्रजी न्यायपद्धतीत तिसऱ्या पक्षाला वादात सामील होण्याची सोय फारशी नव्हती. त्यामुळे ‘मित्र’ म्हणून उभे राहणे हीच एक वाट मोकळी होती. पुढील काळात या वाटेने तटस्थ साहाय्यकांऐवजी हितसंबंधी लोक येऊ लागले, यात आश्चर्य नाही. वाट एकच असली की तिच्यावर सर्वांचीच गर्दी होते.

२. ग्रीन विरुद्ध बिडल : मित्राच्या वेशातील राज्य

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमित्राचे पहिले महत्त्वाचे उदाहरण ग्रीन विरुद्ध बिडल (१८२३) या खटल्यात आढळते. केंटकी हे राज्य १७९२ मध्ये व्हर्जिनियातून वेगळे होऊन अस्तित्वात आले. वेगळे होताना जुन्या जमीनहक्कांचे संरक्षण करण्याचा करार दोन्ही राज्यांत झाला होता. प्रत्यक्षात केंटकीतील जमिनींवर अनेकांनी वसाहत करून सुधारणा केल्या होत्या, तर त्याच जमिनींवर व्हर्जिनियाकडून मिळालेले जुने हक्क दुसऱ्यांकडे होते. केंटकीने वहिवाटदारांच्या बाजूने कायदे केले. ते कायदे करारभंग करणारे असल्याचा निर्णय न्यायालयाने १८२१ मध्ये दिला.

या खटल्यात केंटकी राज्य पक्षकारच नव्हते. वाद दोन खाजगी पक्षांत होता आणि प्रतिवादीची बाजू न्यायालयात मांडली गेली नव्हती. अशा वेळी त्या काळातील प्रभावी राजकीय नेते हेन्री क्ले यांनी न्यायमित्र म्हणून उभे राहून फेरसुनावणीची विनंती केली आणि न्यायालयाने ती मान्य केली. १८२३ मधील अंतिम निर्णय पुन्हा केंटकीच्या विरोधातच गेला. तथापि क्ले हे तटस्थ साहाय्यक नव्हते. आपल्या राज्याचे हित पाहणारे ते वकील होते. म्हणजे अमेरिकेच्या भूमीवर ही प्रथा आली तीच मुळी बदललेल्या रूपात, असे म्हणावे लागते.

संघराज्यात्मक रचनेत हे स्वाभाविकही होते. दोन खाजगी पक्षांच्या वादातून एखाद्या राज्याचा संपूर्ण कायदा रद्द होऊ शकत असेल, तर त्या राज्याला बोलण्याची संधी मिळणे आवश्यक होते. एकोणिसाव्या शतकात या प्रथेचा वापर प्रामुख्याने शासनसंस्थांनीच केला, तो यामुळे. आजही संघशासन व राज्यशासने यांना निवेदन सादर करण्यासाठी कोणाच्या अनुमतीची आवश्यकता नसते.

३. मताधिकाराचा प्रश्न आणि संघटित न्यायमित्र

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या प्रथेत एक नवा घटक आला. तो म्हणजे नागरिकांची संघटना. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल (एन.ए.ए.सी.पी.) या संघटनेने गिन विरुद्ध युनायटेड स्टेट्स या खटल्यात न्यायमित्र म्हणून निवेदन सादर केले. संघटनेचे पहिले अध्यक्ष मूरफिल्ड स्टोरी हे तिचे वकील होते.

ओक्लाहोमा राज्याने १९१० मध्ये आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून मतदारांसाठी साक्षरतेची कसोटी लागू केली. मात्र १ जानेवारी १८६६ रोजी ज्यांना वा ज्यांच्या पूर्वजांना मताधिकार होता, त्यांना या कसोटीतून सूट दिली. त्या तारखेला गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना जवळजवळ कोठेच मताधिकार नव्हता. त्यामुळे तरतुदीत वर्णाचा उल्लेख नसला तरी निरक्षर गोऱ्याला मतदान करता येई आणि कृष्णवर्णीयाला मात्र परीक्षा द्यावी लागे. ‘आजोबांचे कलम’ या नावाने ही तरतूद कुप्रसिद्ध झाली. २१ जून १९१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पंधराव्या घटनादुरुस्तीच्या विरोधात असल्याने रद्द ठरविली.

हा खटला मतदान अधिकाऱ्यांविरुद्ध संघशासनाने चालविलेला फौजदारी खटला होता. ज्यांचा मताधिकार हिरावला गेला होता, ते कृष्णवर्णीय नागरिक त्यात पक्षकार नव्हते. त्यांचे म्हणणे त्यांच्याच संघटनेमार्फत न्यायालयाच्या दप्तरी दाखल झाले, ते न्यायमित्राच्या निवेदनाद्वारे. निर्णयाचे श्रेय केवळ या निवेदनाला देणे योग्य होणार नाही. शासनाची बाजूही भक्कमपणे मांडली गेली होती. परंतु पीडितांची संघटना खटल्यात पक्षकार नसतानाही न्यायालयाशी बोलू शकते, हा पायंडा येथे पडला.

या विजयाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ओक्लाहोमाने लगेच नवा कायदा करून, पूर्वी वगळलेल्या मतदारांना १९१६ मध्ये नोंदणीसाठी जेमतेम १२ दिवसांची मुदत दिली. त्या मुदतीत नोंदणी न केल्यास मताधिकार कायमचा जाई. तो कायदा रद्द होण्यास १९३९ साल उजाडावे लागले.

४. तथ्यांचा प्रवेश आणि नियमांची चौकट

न्यायमित्रांच्या निवेदनांचे आजचे स्वरूप समजून घेण्यासाठी मुलर विरुद्ध ओरेगॉन (१९०८) या खटल्याची दखल घ्यावी लागते. स्त्री कामगारांचे कामाचे तास मर्यादित करणाऱ्या कायद्याच्या समर्थनार्थ लुई ब्रँडाइस यांनी शंभराहून अधिक पानांचे निवेदन सादर केले. त्यात कायद्याची चर्चा अवघी दोनएक पाने होती. उर्वरित सर्व पाने डॉक्टर, कारखाना निरीक्षक व समाजशास्त्रज्ञ यांच्या अहवालांनी भरलेली होती. ही सामग्री जमविण्यात जोसेफिन गोल्डमार्क यांचा मोठा वाटा होता. ब्रँडाइस हे ओरेगॉन राज्याचे वकील होते, न्यायमित्र नव्हते. परंतु समाजातील वस्तुस्थिती थेट सर्वोच्च न्यायालयापुढे मांडण्याची जी पद्धत त्यांनी रूढ केली, ती पुढे न्यायमित्रांनी उचलली.

निवेदनांची संख्या वाढू लागली तसे न्यायालयाने नियम केले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन्ही पक्षांची संमती घेण्याची अट आली आणि १९४९ मध्ये हे नियंत्रण अधिक कडक झाले. १९९७ पासून, निवेदन लिहिण्यात पक्षकाराच्या वकिलाचा सहभाग होता काय आणि त्यासाठी आर्थिक साहाय्य कोणी केले, हे जाहीर करणे बंधनकारक झाले. १ जानेवारी २०२३ पासून संमतीची अटच काढून टाकण्यात आली. आता मुदतीत व नियमानुसार सादर केलेले निवेदन थेट दाखल होते.

निवेदन सर्वोच्च न्यायालयात नोंदणीकृत असलेल्या वकिलामार्फतच सादर करावे लागते. त्यात निवेदकाचे खटल्यातील स्वारस्य स्पष्ट करावे लागते. मुख्य सुनावणीच्या टप्प्यावर, ज्या पक्षाला पाठिंबा द्यावयाचा त्याचे निवेदन दाखल झाल्यापासून ७ दिवसांची मुदत असते. शब्दमर्यादाही ठरलेली असते. अपीलार्थीच्या वा कोणाच्याच बाजूने नसलेल्या निवेदनाचे मुखपृष्ठ फिकट हिरवे, तर प्रतिवादीच्या बाजूच्या निवेदनाचे गडद हिरवे असते. पक्षकारांनी न मांडलेला मुद्दा पुढे आणणारे निवेदन उपयुक्त असते आणि तेच ते पुन्हा सांगणारे निवेदन न्यायालयावर भार टाकते, असा स्पष्ट इशारा नियमातच दिला आहे. मुखपृष्ठाच्या रंगावरूनच मित्र कोणाच्या बाजूचा हे कळावे, ही व्यवस्था बरीच बोलकी आहे. तटस्थतेचा आग्रह नियमांनीच सोडून दिल्याची ती कबुली होय.

५. शेली आणि ब्राउन : संघशासन न्यायमित्र होते तेव्हा

शेली विरुद्ध क्रेमर (३ मे १९४८) हा खटला घरांच्या खरेदीविक्रीसंबंधी होता. एखाद्या वस्तीतील घर कृष्णवर्णीयाला विकू नये असे करार गोरे मालक आपसात करीत. न्यायालयांनी असे करार अंमलात आणणे चौदाव्या घटनादुरुस्तीच्या विरोधात आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. ९ पैकी ३ न्यायाधीश सुनावणीपासून दूर राहिले आणि उर्वरित ६ जणांचा निर्णय एकमताचा होता. या खटल्यात अध्यक्ष ट्रुमन यांच्या शासनाने न्यायमित्र म्हणून निवेदन सादर केले आणि सॉलिसिटर जनरल फिलिप पर्लमन यांनी स्वतः युक्तिवाद केला. खाजगी पक्षांतील नागरी हक्कांच्या वादात संघशासनाने अशी उघड भूमिका घेणे ही नवी घटना होती.

याच मार्गावरील पुढचा टप्पा म्हणजे ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन हा खटला होय. वर्णानुसार वेगळ्या शाळा ठेवण्याच्या पद्धतीला आव्हान देणारे कॅन्सास, दक्षिण कॅरोलिना, व्हर्जिनिया व डेलावेअर या राज्यांतील खटले त्यात एकत्र करण्यात आले होते. अमेरिकन ज्यूइश काँग्रेस, अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन (ए.सी.एल.यू.), शिक्षकांची आणि कामगारांची राष्ट्रीय संघटना तसेच माजी सैनिकांची एक संघटना यांनी अपीलार्थींच्या बाजूने निवेदने सादर केली. डिसेंबर १९५२ मध्ये संघशासनाचे निवेदन दाखल झाले. त्यात परराष्ट्रमंत्री डीन ॲचिसन यांच्या पत्राचा आधार घेण्यात आला होता. वर्णभेदामुळे जगात अमेरिकेची प्रतिष्ठा खालावते आणि शत्रुराष्ट्रांच्या प्रचाराला बळ मिळते, असा त्याचा आशय होता. हा मुद्दा शाळेत जाणाऱ्या मुलांचे पालक मांडू शकले नसते. तो शासनच मांडू शकत होते. न्यायमित्राचा खरा उपयोग तो कोणता, हे या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते.

१७ मे १९५४ रोजी न्यायालयाने एकमताने पृथक शाळा घटनाबाह्य ठरविल्या. मात्र या खटल्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. शासनाचे निवेदन प्रामुख्याने फिलिप एल्मन यांनी लिहिले होते. ते न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांचे माजी साहाय्यक होते. खटला प्रलंबित असताना फ्रँकफर्टर यांच्याशी आपली त्यासंबंधी बोलणी होत असत, असे त्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सांगितले. त्यावर मोठा वाद झाला. न्यायालयाचा मित्र आणि न्यायाधीशाचा मित्र यांतील सीमारेषा येथे पुसली गेली, असेच म्हणावे लागेल.

शिवाय, बदल क्रमाक्रमाने व्हावा ही सूचनाही शासनाच्याच निवेदनात होती. अंमलबजावणी कशी करावी याविषयी १९५४ च्या निर्णयातच न्यायालयाने पृथक शाळा असलेल्या राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलना न्यायमित्र म्हणून बोलण्याची मुभा दिली. फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलिना, आर्कान्सा, ओक्लाहोमा, मेरीलँड व टेक्सास या राज्यांनी तिचा लाभ घेतला. त्यांच्या म्हणण्याचा सामान्य रोख घाई करू नये असा होता. ३१ मे १९५५ च्या दुसऱ्या निर्णयात न्यायालयाने ठराविक मुदत न घालता, विचारपूर्वक पण त्वरेने बदल करावा, अशा अर्थाची संदिग्ध भाषा वापरली. परिणामी पुढील दहा वर्षांत दक्षिणेतील राज्यांत गोऱ्या मुलांसह शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण जेमतेम १ ते २ टक्क्यांपर्यंत पोहोचले. ज्या दाराने न्यायाची मागणी आत आली, त्याच दाराने विलंबाची मागणीही आत आली.

व्यक्तींच्या बाबतीतही असाच विरोधाभास दिसतो. १९१५ च्या गिन खटल्यात संघशासनाच्या वतीने ‘आजोबांच्या कलमा’विरुद्ध युक्तिवाद करणारे सॉलिसिटर जनरल जॉन डब्ल्यू. डेव्हिस हेच ब्राउन खटल्यात दक्षिण कॅरोलिनाच्या वतीने पृथक शाळांचे समर्थन करीत उभे होते.

६. मॅप आणि गिडियन : मित्राने बदललेला निकाल

न्यायमित्राच्या निवेदनाचा निकालावर थेट परिणाम झाल्याचे सिद्ध करणे बहुधा कठीण असते. परंतु मॅप विरुद्ध ओहायो (१९ जून १९६१) हा त्याला अपवाद मानता येईल. बेकायदेशीर झडतीत सापडलेल्या अश्लील साहित्यावरून एका स्त्रीला शिक्षा झाली होती. तिच्या वकिलाचा मुख्य रोख अश्लीलताविषयक कायद्याच्या वैधतेवर होता. बेकायदेशीर झडतीत मिळालेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांत चालू शकतो, हा १९४९ च्या वुल्फ विरुद्ध कोलोरॅडो या निर्णयातील सिद्धांत रद्द करावा, अशी मागणी ए.सी.एल.यू.च्या निवेदनात अखेरीस थोडक्यात करण्यात आली होती. न्यायालयाने नेमका तोच मुद्दा उचलून जुना सिद्धांत रद्द केला. पक्षकारांनी ज्याच्यावर भर दिला नाही, पूर्ण युक्तिवाद केला नाही, अशा मुद्द्यावर निर्णय व्हावा काय, असा आक्षेप निकालपत्रातच नोंदविला गेला. हा आक्षेप आजही गैरलागू झालेला नाही.

गिडियन विरुद्ध वेनराइट (१८ मार्च १९६३) या खटल्याची कथा वेगळी आहे. फ्लोरिडात चोरीच्या उद्देशाने घरफोडी केल्याचा आरोप असलेल्या निर्धन गिडियनला शासकीय खर्चाने वकील नाकारला गेला. १९४२ च्या बेट्स विरुद्ध ब्रॅडी या निर्णयानुसार, विशेष परिस्थिती नसेल तर राज्यांवर तसे बंधन नव्हते. तुरुंगातून पेन्सिलीने लिहिलेल्या त्याच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी घेतली. फ्लोरिडाच्या तरुण सहायक अ‍ॅटर्नी जनरलने अन्य राज्यांना पत्रे लिहून पाठिंबा मागितला. परिणाम उलटाच झाला. अलाबामा व नॉर्थ कॅरोलिना ही दोनच राज्ये फ्लोरिडाच्या बाजूने उभी राहिली, तर मिनेसोटाचे अ‍ॅटर्नी जनरल वॉल्टर मोंडेल, जे पुढे देशाचे उपाध्यक्ष झाले, यांच्या पुढाकाराने अनेक राज्ये गिडियनच्या बाजूने आली. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी निकालपत्रात २२ राज्यांचा न्यायमित्र म्हणून उल्लेख केला आणि बेट्स निर्णय रद्द झाला.

या निवेदनाचे वजन त्यातील कायदेशीर युक्तिवादापेक्षा ते करणारे कोण होते यात होते. निर्णयाचा आर्थिक भार ज्यांच्यावर पडणार होता, तेच तो भार स्वीकारावयास तयार असल्याचे सांगत होते. संघराज्याच्या स्वायत्ततेचा बचाव त्यामुळे आपोआप ढिला पडला. याच वर्षी, १९६३ मध्ये, सॅम्युएल क्रिस्लोव्ह यांनी ‘येल लॉ जर्नल’मधील लेखात ही प्रथा मैत्रीकडून वकिलीकडे सरकल्याचे प्रतिपादन केले. तो लेख या विषयावरील पायाभूत संशोधन मानला जातो.

७. निवेदनांचा लोंढा आणि तथ्यांची विश्वासार्हता

१९७८ च्या बॅकी खटल्यात, म्हणजे विद्यापीठ प्रवेशात वर्णाचा विचार करण्याच्या प्रश्नावर, ५० हून अधिक निवेदने दाखल झाली. समलिंगी विवाहांच्या ओबर्गफेल (२०१५) खटल्यात ही संख्या जवळपास १५० झाली. केर्नी आणि मेरिल यांच्या २००० मधील अभ्यासानुसार, आधीच्या अर्धशतकात अशा निवेदनांत ८०० टक्क्यांहून अधिक वाढ झाली होती.

या वाढीतून दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न साधनसंपत्तीचा आहे. चांगले निवेदन तयार करण्यास निष्णात वकील, वेळ आणि पैसा लागतो. उद्योगसमूहांच्या संघटनांना ते सहज शक्य असते. खेड्यातील मजुराला नसते. दुसरा प्रश्न तथ्यांचा आहे. कनिष्ठ न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते. न्यायमित्राच्या निवेदनातील आकडेवारीची मात्र तशी कोणतीही तपासणी होत नाही. प्राध्यापिका ॲलिसन ऑर लार्सन यांनी २०१४ मध्ये या धोक्याकडे सविस्तर लक्ष वेधले. न्यायालय अशा निवेदनांतून घेतलेली तथ्ये निकालपत्रात आधार म्हणून वापरते आणि पुढे तीच प्रमाणभूत मानली जातात.

तरीही निवेदनांचे मोल नाकारता येत नाही. ग्रुटर विरुद्ध बोलिंजर (२००३) मध्ये निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या निवेदनाने अधिकारीवर्गात वर्णवैविध्य असणे राष्ट्रीय सुरक्षेसाठी गरजेचे असल्याचे सांगितले आणि न्यायमूर्ती ओ’कॉनर यांनी निकालपत्रात त्याचा आधार घेतला. २०२३ मध्ये न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत वर्णाधारित प्रवेशपद्धती रद्द केली, तेव्हाही लष्करी अकादमींचा प्रश्न संघशासनाच्या न्यायमित्र-निवेदनाचा उल्लेख करून एका तळटीपेद्वारे बाजूला ठेवण्यात आला. खटला हरलेल्या बाजूच्या मित्राचे म्हणणेही निर्णयाची कक्षा ठरवू शकते, याचे हे उदाहरण होय.

८. नेमलेला मित्र : भारताशी तुलना

अमेरिकेत न्यायमित्राचा आणखी एक प्रकार आहे. एखाद्या निर्णयाचे समर्थन करण्यास कोणीच उरले नाही, तर न्यायालय स्वतः वकील नेमते. वर्णभेदी नियम करणाऱ्या दक्षिण कॅरोलिनातील बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत काढून घेण्यात आली होती. रेगन प्रशासनाने १९८२ मध्ये आपली भूमिका बदलली, तेव्हा न्यायालयाने विल्यम कोलमन यांना न्यायमित्र नेमले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पहिले कृष्णवर्णीय विधी-साहाय्यक राहिलेले कोलमन ब्राउन खटल्याच्या तयारीतही सहभागी होते. १९८३ चा ८ विरुद्ध १ असा निर्णय विद्यापीठाच्या विरोधात गेला.

भारतात हा ‘नेमलेला मित्र’ हाच मुख्य प्रकार आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या गोदावर्मन वनप्रकरणात हरीश साळवे आणि विशाखा (१९९७) खटल्यात फली नरिमन यांनी ही भूमिका पार पाडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकेच्या दयामरणाच्या प्रश्नावर (२०११) टी. आर. अंध्यारुजिना न्यायमित्र होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील आरोपी अजमल कसाब याच्या अपिलात राजू रामचंद्रन यांची नियुक्ती झाली. तपासाच्या टप्प्यावर कसाबला वकील मिळाला नाही, हा मुद्दा त्यांनी मांडला. २९ ऑगस्ट २०१२ च्या निर्णयाने शिक्षा कायम केली. परंतु आरोपीला प्रथम हजर करताच त्याच्या वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य असल्याचेही त्याच निर्णयाने बजावले. सर्वांच्या रोषास पात्र ठरलेल्या आरोपीच्या खटल्यातून सामान्य आरोपीच्या हक्काला बळ मिळाले. गिडियनच्या प्रश्नाशी असलेले याचे नाते सहज ध्यानात येते. २०१९ च्या अनोखीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, फाशी वा जन्मठेपेच्या प्रकरणांत किमान १० वर्षांचा अनुभव असलेलाच वकील न्यायमित्र नेमावा आणि त्याला तयारीसाठी साधारणतः किमान ७ दिवस मिळावेत, असे सांगितले.

मात्र समाजातील संघटनांनी आपणहून निवेदन सादर करण्याची अमेरिकेसारखी नियमबद्ध वाट भारतात तितकी रुळलेली नाही. तेथे जे काम न्यायमित्राचे निवेदन करते, ते येथे बऱ्याच अंशी जनहित याचिका व हस्तक्षेप अर्ज करतात. ही वाट नसल्याचा परिणाम महाराष्ट्राने अनुभवला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील (आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील) देसाईगंज येथील पोलीस चौकीत १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचे प्रकरण तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ मध्ये पोलिसांची निर्दोष मुक्तता झाली. तिच्या बाजूने समाजाचा आवाज उठला, तो निर्णयानंतर. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या विधी-अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. परंतु त्या मुलीच्या खटल्याचा निकाल बदलला नाही. संमती आणि निमूट शरणागती यांतील जो फरक त्या पत्रात स्पष्ट केला गेला, तो सुनावणीपूर्वी न्यायालयापुढे ठेवला गेला असता तर काय घडले असते, हे सांगता येत नाही. तो ठेवण्याची रुळलेली वाट नव्हती, एवढे मात्र निश्चित.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) न्यायमित्र ही प्रथा इंग्लंडमध्ये तटस्थ साहाय्य म्हणून रुजली, अमेरिकेत मात्र ती प्रारंभापासूनच हितसंबंधांच्या प्रतिनिधित्वाचे साधन बनली.

२) कृष्णवर्णीयांचा मताधिकार, निर्धन आरोपीचा वकिलाचा हक्क यांसारख्या प्रश्नांत, पक्षकार नसलेल्यांचा आवाज या मार्गाने न्यायालयापर्यंत पोहोचला. परंतु १९५५ च्या निर्णयातील विलंबाची बाजूही याच मार्गाने आली. प्रथा स्वतः ना पुरोगामी आहे, ना प्रतिगामी.

३) मित्र तटस्थ असावा ही अपेक्षा आता वास्तवाला धरून नाही. त्याऐवजी तो कोणाचा मित्र आहे, त्याचा खर्च कोण करतो आणि त्याने दिलेली तथ्ये कोणी तपासली, हे उघड होणे अधिक महत्त्वाचे आहे. १९९७ च्या नियमाने पहिल्या दोन प्रश्नांची अंशतः सोय केली. तिसरा प्रश्न अनुत्तरित आहे.

४) भारतात न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राची परंपरा सकस आहे. तिला जोडून, घटनापीठासमोरील प्रकरणांत विद्यापीठे, व्यावसायिक संस्था व बाधित समाजघटक यांना मर्यादित शब्दांत आणि आर्थिक साहाय्य जाहीर करून लेखी निवेदन सादर करण्याची स्पष्ट नियमावली झाल्यास, अमेरिकेच्या अनुभवातील लाभ घेता येईल आणि तेथील दोषही टाळता येतील.

राज्यघटनेचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार न्यायालयाचा आहे. त्या अर्थाचे परिणाम मात्र नागरिकांनाच भोगावे लागतात. म्हणून निर्णय होण्यापूर्वी त्यांचे म्हणणे न्यायालयाच्या कानी पडणे ही न्यायाचीच गरज होय. निर्णयानंतर लिहिलेले पत्र कायदा बदलू शकते. परंतु ज्याचा खटला संपला, त्याच्या हाती त्यातून काही येत नाही.